वास कुणाचा

पिंप्राळ्यातल्या त्या गल्लीत प्रमिलाबाईंना लहानथोर सगळे अक्काच म्हणत. माहेर शिंदखेड्याकडचं. लग्न होऊन जळगावात आल्या तेव्हा नवरा एसटीच्या वर्कशॉपमध्ये टायरच्या कामाला होता, आणि निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिला. जीवरामनाना नाकाचे मोठे तिखट. दिवसभर रबरात आणि काळ्या ग्रीसमध्ये काम, पण घरी आले की आधी न्हाणीत शिरत. अंगाला रबराचा वास उरला नाही अशी खात्री झाल्याशिवाय ताटावर बसत नसत. दूध नासायच्या बेतात असलं तर ते बाहेरच्या खोलीतून सांगत. अशा माणसाच्या घरात वास शिरला, आणि तो कुठून येतो हे बरेच महिने घरातल्या एकाच माणसाला ठाऊक होतं.

गाठ प्रमिलाबाईंच्या हाताला लागली ती आंघोळ करताना. डाव्या छातीत, हरभऱ्याएवढी. दुखत नव्हती. त्यांनी ती दोनतीनदा चाचपून पाहिली आणि पदर नीट केला. सांगायचं कुणाला? योगेंद्र मुलगा, मुलाला असलं कोण सांगतं. सून पुनम गुणाची होती, पण तिच्यापुढे चोळी सोडून उभं राहायचं म्हणजे धरणीनं पोटात घ्यावं अशी गत. नानांना सांगितलं असतं तर ते दुसऱ्याच दिवशी रिक्षा घेऊन आले असते. आणि तिथे डॉक्टर पुरुष निघाला तर? 'बघू, आखाजी होऊ दे,' असं त्या स्वतःशी म्हणाल्या.

अक्षय्य तृतीयेचा तो सण झाला आणि नानांना लकवा मारला. डावं अंग गेलं, तोंड वाकडं झालं, बोलणं जड झालं. त्या धावपळीत प्रमिलाबाईंच्या छातीतली गाठ कुणाच्या लक्षात यायचा प्रश्नच नव्हता. खुद्द त्यांनाही ती विसरायला निमित्तच हवं होतं. नवरा अंथरुणावर असताना आपलं दुखणं काढायचं नसतं, असं त्या मनाला बजावत राहिल्या. तोवर हरभऱ्याची सुपारी झाली होती, सुपारीचा लिंबू झाला, आणि पुढच्या पावसाळ्यात एके दिवशी चोळीला ओल लागली.

तिथून पुढे त्यांचं सगळं डोकं झाकण्यातच खर्च होऊ लागलं. जुन्या धोतराच्या पट्ट्या फाडायच्या, हळद भरायची, वरून घट्ट बांधायचं. त्या पट्ट्या सगळे झोपेतून उठायच्या आत धुवायच्या आणि गच्चीत टाकीच्या मागे, ओल्या लुगड्याच्या घडीत लपवून वाळवायच्या. वास येऊ लागला तेव्हा त्यांनी कापूर जाळला, कडुलिंबाचा पाला आणला, देवापुढच्या उदबत्त्या वाढवल्या. पापड लाटायला त्या शेजारणींत बसेनात. खापरावरचे मांडे करण्यात गल्लीत त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. ओली कणीक दोन्ही हातांवर फेकत, वाढवत, हातभर मोठी करून खापरावर टाकायची. आता डावा हात खांद्याच्या वर जाईना. बेबाबाईच्या नातवाच्या बारशाला त्यांनी मांडे करायला नाही म्हटलं. बेबाबाई म्हणाली, "अक्काले आते मोठेपणा उना." प्रमिलाबाईंनी ऐकून घेतलं. मोठेपणा तर मोठेपणा, निदान कुणी जवळ तरी येत नव्हतं.

आणि मग नानांच्या पाठीला जखम झाली. पाठीवर पडून पडून माकडहाडाजवळ कातडी लाल झाली, मग काळी पडली, मग उघडली. त्या जखमेलाही वास होता. पुनमनं नाकाला पदर लावून म्हटलं, "अक्का, खोलीत वास येतोय तो हाच बघा." प्रमिलाबाईंना त्या क्षणी जे वाटलं ते त्यांना पुढे कधी विसरता आलं नाही. त्यांना हायसं वाटलं. वासाला नाव मिळालं होतं, आणि ते नाव त्यांचं नव्हतं.

त्याच दिवशी त्यांनी आपलं अंथरूण नानांच्या खोलीत हलवलं. "त्यास्ले राती पानी लागस," असं सांगितलं. नानांना पाणी लागत होतं हे खरं होतं. पण आता दोन्ही वास एकाच खोलीत राहणार होते, हेही खरं होतं.

नानांना भेटायला रोज एकच माणूस यायचा. वर्कशॉपमधला जोडीदार अभिमन. दोघांनी मिळून किती टायर उतरवले, किती चढवले त्याला गणती नव्हती. अभिमनभाऊ सकाळी पेपर घेऊन येत, खाटेजवळ स्टुलावर बसून मोठ्यानं वाचत, चहा घेत आणि जात. हळूहळू स्टूल खाटेपासून लांब सरकलं. मग ते दारापाशी आलं. मग अभिमनभाऊ उभ्या उभ्याच दोन बातम्या वाचू लागले. ते तोंडानं काही बोलले नाहीत, पण नानांचं नाक शाबूत होतं आणि डोळेही.

"प्रमिला, हाऊ वास मनाच शे ना?" नानांनी एकदा स्वतःकडे बोट करून जड जिभेनं विचारलं.

"जखमना शे. बरी व्हई जाई जखम."

"मी जित्ता सडी ऱ्हायनू."

"आसं काय बोलतस तुम्ही," असं म्हणून प्रमिलाबाईंनी त्यांच्या तोंडावरून ओला रुमाल फिरवला. हात फिरत होता आणि पदराखालची पट्टी ओली होत होती. नाना दिवसातून दोनदा अंग पुसायला लावू लागले. योगेंद्रला त्यांनी अत्तर आणायला सांगितलं. मुलानं आणलं. आयुष्यात कधी अत्तर न लावलेला माणूस अंथरुणावर पडून कानामागे अत्तर लावून घ्यायचा. ते लावून द्यायचं काम प्रमिलाबाईंचंच होतं.

दिपमाला सिस्टर त्यांच्या घरी येऊ लागली ती त्या सुमारास. शहरातल्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात वेगळा विभाग होता. ज्यांचे आजार पुरते बरे होत नाहीत ते रुग्ण, आणि जे अंथरुणाला खिळले आहेत ते, यांना घरी जाऊन बघायचं. डॉक्टरांची फेरी महिन्यातून एकदा. मधल्या सगळ्या दिवसांत सिस्टरच. पूर्वी सिस्टरनं डॉक्टर सांगतील तेवढं करायचं, अशी रीत होती. हिला त्यासाठी निराळं शिक्षण देऊन आणलं होतं. रुग्ण तिनं तपासायचा, जखमेला काय लावायचं ते तिनं ठरवायचं, दुखण्याचं औषध डॉक्टरांनी आखून दिलेल्या हद्दीत तिनं कमीजास्त करायचं, घरच्यांना खरं काय ते तिनं समजावायचं. अडलं तर फोन.

योगेंद्रला हे पटलं नाही. "डॉक्टर येत नाहीत आणि सिस्टर पाठवतात, म्हणजे आपल्या नानांना सोडूनच दिलंय," तो पुनमला म्हणाला. दिपमाला सिस्टर स्कूटर लावून वर येत होती, तिनं ते ऐकलं. ती फक्त म्हणाली, "सोडलं असतं तर मी जिने कशाला चढले असते, भाऊ?" आणि हात धुवायला गेली.

तिनं हवेची गादी मिळवून दिली. नानांना दर दोन तासांनी कूस कशी बदलायची ते पुनमला दाखवलं, उशा कुठे लावायच्या ते दाखवलं. मेलेली कातडी थोडी थोडी काढली. जखम हळूहळू लाल झाली, मग गुलाबी. सिस्टर खूश. पण खोलीतला वास हलेना.

पहिल्यांदा तिला वाटलं, जखम आतून पोखरली असेल. तिनं नीट बघितलं, तसं काही नव्हतं. मग तिनं नानांचं तोंड बघितलं, कान बघितले, बोटांच्या बेचक्या बघितल्या. गादी उलटून बघितली. शेवटी एके दिवशी तिनं चादर नाकाशी नेली आणि पुनमला जरा तोडूनच बोलली. "ताई, चादरी रोज बदलायच्या असं मी सांगून थकले. लघवीची फडकी नीट उकळता ना? माणूस अंथरुणावर आहे, त्याची अशी हेळसांड करून चालत नाही."

पुनम रोज चादरी बदलत होती. फडकी उकळून, उन्हात वाळवून, घडी करून ठेवत होती. ती स्वयंपाकघरात जाऊन ओट्याकडे तोंड करून रडली. प्रमिलाबाई तिथेच भाकरी थापत होत्या. त्यांनी तव्यावरची भाकरी उलटली. 'बोल, आता तरी बोल,' असं आतून कुणी तरी ढोसत होतं. पण तोंडातून निघालं ते इतकंच, "जाऊ दे पुनम, सिस्टर परकी बाई, तिले काय समजस." ऐकून पुनमनं डोळे पुसले. सासू आपली बाजू घेते असं तिला वाटलं. प्रमिलाबाईंनी पुढची भाकरी थापायला घेतली.

त्या रोज नानांची जखम बघत होत्या आणि ती भरत चालली होती. बायकोनं देवाला नारळ कबूल करावा अशी गोष्ट. पण प्रमिलाबाई वेगळाच हिशोब करायच्या. ही जखम पुरती भरली की वास कुणाच्या माथी मारायचा? एकदा तर त्यांनी पुनम बाजारात गेलेली असताना कूस बदलायची वेळ जाऊ दिली. मुद्दाम जाऊ दिली की विसरल्या, हे त्या स्वतःलाही सांगू शकल्या नसत्या. थोड्या वेळानं नाना कण्हले, तशा त्या धडपडत उठल्या आणि दोन्ही हातांनी त्यांना वळवलं. डाव्या बाजूनं अशी कळ गेली की डोळ्यांपुढे अंधारी आली. 'तुले हाई दंड शे,' असं मनात म्हणून त्या खाली बसल्या.

पुढच्या खेपेला जखमेवर नवी, पातळ कातडी धरलेली होती. दिपमाला सिस्टर पट्टी बांधून उठली आणि खिडकीपाशी उभी राहिली. तेवढ्यात प्रमिलाबाई चहा घेऊन आल्या. चहाबरोबर वास आला. त्या कप ठेवून स्वयंपाकघरात गेल्या, आणि वास त्यांच्या मागोमाग गेला. सिस्टरनं चहा तसाच ठेवला.

"अक्का, मला न्हाणीत जरा हातावर पाणी घालता का?"

न्हाणीत शिरल्यावर तिनं दार ओढून घेतलं. आवाज खाली आणला. "अक्का, तुम्हाला कुठे लागलंय का?"

"माले? नही बा."

"वास आहे."

"तो त्यास्ना शे. त्यास्ले जखम शे ना."

"नानांची जखम सुकली, अक्का."

प्रमिलाबाईंनी हातातला तांब्या बादलीत सोडला. त्यांना त्या सिस्टरचा असा राग आला की तिला ढकलून बाहेर काढावंसं वाटलं. आणि त्याच वेळी तिच्या खांद्यावर डोकं टेकावंसं वाटलं. त्यांनी दोन्हीतलं काहीच केलं नाही. पदर गळ्यापर्यंत ओढला आणि म्हणाल्या, "तुम्ही तुमना पेशंट दखा."

सिस्टर म्हणाली, "मी कुणाला काही बोलणार नाही. तुम्ही म्हणाल त्या दिवशी येईन. एकटीच येईन."

ती गेल्यावर प्रमिलाबाईंनी जे केलं ते सगळ्यात वाईट. संध्याकाळी योगेंद्र कामावरून आला तेव्हा त्यांनी त्याला सांगितलं की नानांची जखम आता बरी झाली, सिस्टरला उगीच जिने चढायला कशाला लावायचं, नको म्हणून सांग. मुलाला ते पटायला वेळ लागला नाही. त्यानं फोन करून सांगितलं. तिकडून सिस्टर काय बोलली ते प्रमिलाबाईंना ऐकू आलं नाही. योगेंद्र एवढंच म्हणाला, "गरज वाटली तर कधीही फोन करा, म्हणाल्या."

नानांना एवढंच कळलं की सिस्टर यायची बंद झाली. त्यांनी त्याचा आपल्या परीनं अर्थ लावला. तिलाही वास सोसला नाही.

मग अभिमनभाऊ आले. आठवड्याभरानं आले होते. त्यांच्या हातात पेढ्यांचा पुडा होता, धाकट्या मुलीचं लग्न धुळ्याला जमलं होतं. जुन्या जोडीदाराला पहिला पेढा द्यायचा म्हणून ते दारातून आत पाऊल टाकणार, तोच नानांनी चांगला हात वर केला.

"अभिमन, मझार येऊ नको."

"आरे, काब्र?"

"मना वास येस. तठूनच बोल."

"वासबिस काही नही येत, जीवराम," अभिमनभाऊ म्हणाले. पण त्यांचा पाय उंबऱ्यावरच राहिला. त्यांनी पुडा प्रमिलाबाईंच्या हातात दिला, दोन शब्द बोलले आणि जड पावलांनी उतरले. नानांनी तोंड भिंतीकडे करायचा प्रयत्न केला. अंग वळेना, म्हणून उजव्या हातानं चादर तोंडावर ओढली. चादरीखाली खांदा हलत होता.

प्रमिलाबाई पेढ्यांचा पुडा हातात घेऊन उभ्या होत्या. सासू वारली तेव्हाही त्यांनी या माणसाच्या डोळ्यांत पाणी पाहिलं नव्हतं. आपण त्याच्या खाटेशेजारी उभ्या आहोत, त्याच्या कानामागे रोज अत्तर लावतो आहोत, आणि तो स्वतःच्या शरीराची किळस करत मरणार आहे. त्यांना वाटलं, छातीतल्या जखमेला जो वास येतो तो निदान देहाचा आहे; ह्या लपवण्याचा त्याहून वाईट.

त्या स्वयंपाकघरात गेल्या. "पुनम, मना मांगे ये. कडी लाव."

मागच्या खोलीत त्यांनी सुनेकडे पाठ करून चोळीचे बंद सोडले. पट्टी चिकटली होती, ती ओढून काढली. मग वळल्या. सुनेच्या तोंडाकडे बघायची हिंमत नव्हती, म्हणून फरशीकडे बघून बोलल्या. "वास त्यास्ना नव्हता. मना शे. सिस्टर तुले बोलनी, तो मना दोष व्हता."

पुनम म्हणाली, "अक्का, पदर घ्या. गार लागेल." कडी काढून ती बाहेर गेली. मोरीपाशी तिला उलटी झाल्याचा आवाज प्रमिलाबाईंनी स्पष्ट ऐकला. पाण्याचा आवाज ऐकला. त्या तशाच, अर्ध्या उघड्या, भिंतीला टेकून राहिल्या. आता ही परत येणार नाही असं त्यांना वाटलं. तिनं का यावं?

पुनम परत आली. चेहरा धुतलेला होता. "सिस्टरला फोन लावलाय. निघाल्यात," ती म्हणाली, आणि सासूच्या शेजारी जमिनीवर बसली.

दिपमाला सिस्टरनं आधी काही विचारलं नाही. मिठाचं निर्जंतुक पाणी ओतून ओतून ती जखम भिजवत राहिली, जुनी पट्टी ओढताना जे रक्त निघालं होतं ते दाबून थांबवलं. वासावरच्या गोळ्यांची बारीक पूड करून जखमेवर पसरली, वर न चिकटणारी जाळी, वर कापूस. हात फार हलका होता. प्रमिलाबाईंनी डोळे गच्च मिटून घेतले होते. बाईमाणसापुढेही त्यांना आपली लाज वाटत होती. जखमेची वाटत होती, आणि इतके दिवस काढले त्याची त्याहून जास्त.

सगळं आवरल्यावर सिस्टर पुनमकडे वळली. "ताई, त्या दिवशी मी तुम्हाला नको ते बोलले. नीट बघायच्या आधीच बोलले. माझं चुकलं." मग म्हणाली, "दर आठवड्याला मी या खोलीत येत होते. नानांचं नखसुद्धा तपासलं. अक्का समोर उभ्या असायच्या, त्यांच्याकडे बघितलंच नाही."

जिन्यात उभं राहून तिनं डॉक्टरांशी फोनवर बोलून घेतलं. पुढे तपासण्या झाल्या, काही जळगावात, काही धुळ्याला. धुळ्याच्या वाटेवर एसटीत योगेंद्र आईच्या शेजारी बसला होता आणि सारखा खिडकीबाहेर बघत होता. पारोळ्याच्या पुढे तो एवढंच बोलला, "आधी सांगितलं असतं तर." प्रमिलाबाईंनी मान खाली घातली.

आजार हाडात गेला होता. निकाल हाती आल्यावर डॉक्टरांनी योगेंद्रला सांगितलं, आणि प्रमिलाबाईंना सांगितलं दिपमाला सिस्टरनं, घरी येऊन, मागच्या खोलीत.

"अक्का, हे मुळापासून बरं होणार नाही. गोळ्यांनी थोडं आवरेल, थोडे दिवस मिळतील. पण वास आपण घालवू. दुखणं आपण आवरू. ते माझ्या हातात आहे, आणि नाही आवरलं तर डॉक्टरांना इथे घेऊन येईन."

"मना दोष शे हाऊ."

"दोषाचं औषध माझ्याकडे नाही," सिस्टर म्हणाली. "दुखण्याचं आहे. किती दुखतं ते खरं सांगायचं. लाजून कमी करून सांगायचं नाही."

वास खरोखरच गेला. आधी उतरला, मग एके दिवशी सकाळी खोलीत फक्त उदबत्तीचा आणि चहाचा वास होता. नानांना ते सगळ्यांच्या आधी कळलं. त्यांनी नाक ओढून ओढून हवा घेतली. "गया," ते म्हणाले. "प्रमिला, वास गया. मी बरा व्हई ऱ्हायनू." त्यांनी योगेंद्रला अभिमनभाऊंना फोन करायला लावला. अभिमनभाऊ आले, स्टूल ओढून खाटेला लावून बसले, पेपर मोठ्यानं वाचला. नाना वाकड्या तोंडानं हसत होते.

आता काही सांगायची गरज उरली नव्हती. प्रमिलाबाईंनी सिस्टरला विचारलं तेव्हा ती म्हणाली, "सांगायचं की नाही ते तुम्हीच ठरवा, अक्का. मी जबरदस्ती करणार नाही. पण तुमचा आजार त्यांना आज ना उद्या दिसणार." प्रमिलाबाईंनी बरेच दिवस काढले. नाना खुशीत होते. त्या खुशीवर पाणी ओतायचं धाडस होत नव्हतं, आणि ती खुशी बघवतही नव्हती, कारण तिच्यातही त्यांचंच खोटं भरलेलं होतं.

एका दुपारी नानांना वरणभात भरवताना त्यांनी चमचा ताटलीत ठेवला आणि सांगून टाकलं. सगळं. गाठ, पट्ट्या, अंथरूण का हलवलं ते, सिस्टरला का बंद केलं ते. मध्ये थांबल्या नाहीत, थांबल्या असत्या तर पुन्हा सुरू झाल्या नसत्या.

नानांनी चांगल्या हातानं ताटली दूर सारली.

"तू माले सांगं काब्र नही?"

"लाज वाटनी."

"माले बी वाटत व्हती," नाना म्हणाले. एकेक शब्द ओढून काढत होते. "मनी. रोज. तू दखत व्हती."

त्यांनी बायकोच्या हातचा पुढचा घास घेतला नाही. त्या दिवशीही नाही, नंतरचे काही दिवसही नाही. पुनमच्या हातून जेवले. प्रमिलाबाई ताट वाढून द्यायच्या आणि दाराआड उभ्या राहायच्या. मरण ठरलेलं आहे याचं त्यांना एवढं वाटलं नव्हतं जेवढं त्या मिटलेल्या तोंडाचं वाटलं. योगेंद्र वडिलांना समजवायला गेला, तर नानांनी हातानंच त्याला गप्प केलं. सिस्टरही त्यात पडली नाही. ती प्रमिलाबाईंना फक्त म्हणाली, "रागवायचा त्यांचा हक्क आहे. त्यांना रागवू द्या."

जखम बांधायचं काम मागच्या खोलीत चालायचं, कडी लावून. एके दिवशी सिस्टर पिशवी घेऊन तिकडे निघाली तेव्हा नानांनी हाक मारली. "सिस्टर, आठेच करा."

प्रमिलाबाई दारात थबकल्या. "नको. तुम्ही नका दखू."

"मनी जखम तू रोज दखी. पुसी, धुई." नाना दम घ्यायला थांबले. "मी तुनी दखू नको का?"

त्या स्टुलावर बसल्या, खाटेकडे तोंड करून. सिस्टरनं पट्टी सोडली. लाजेनं त्यांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण उजेडात त्या कधी नवऱ्यासमोर अशा बसल्या नव्हत्या, आणि बसल्या त्या ह्या अवस्थेत. नानांनी पाहिलं. नजर काढून घेतली नाही. सिस्टरला काजूच्या आकाराची आपली स्टीलची ताटली कुठे ठेवावी ते सुचेना, तेव्हा नानांनी ती आपल्या छातीवर ठेवायला लावली आणि चांगल्या हातानं धरून ठेवली. घाण झालेला कापूस तिच्यात पडत होता. त्या तिखट नाकाच्या माणसानं तोंड फिरवलं नाही.

माफ केलं असं ते कधी बोलले नाहीत. प्रमिलाबाईंनीही विचारलं नाही. त्या संध्याकाळी त्यांनी चमचा पुढे केला तेव्हा नानांनी तोंड उघडलं, एवढंच.

नंतर त्या जवळपास वर्षभर होत्या. हाडांचं दुखणं वाढलं तेव्हा डॉक्टरांनी मॉर्फिन लिहून दिलं आणि सिस्टर येऊन येऊन त्याची मात्रा बसवत राहिली. झोप फार आली तर कमी, कळ उठली तर थोडी जास्त, शौचाला त्रास होऊ नये म्हणून वेगळं औषध. शेजारच्या बायका भेटायला येऊ लागल्या. बेबाबाई आली, पायाशी बसली, रडली. प्रमिलाबाईंनी तिच्याशी सगळ्या जगाच्या गप्पा मारल्या, पण आजार कुठला हे सांगताना "पाठमा काहीतरी शे" असंच सांगितलं. सिस्टरनं एकदा सुचवून पाहिलं की गल्लीतल्या बायकांशी चार शब्द बोला, कुणाला गाठ असेल तर ती तरी वेळेत दाखवेल. प्रमिलाबाईंनी हात जोडले. "तेवढं माले सांगू नका. तुम्ही सांगा त्यास्ले. मनं नाव नका लेऊ." सिस्टरनं खरंच बायकांना जमवून सांगितलं, नाव न घेता. त्या वेळी प्रमिलाबाई खाटेवर पडून बाहेरचे आवाज ऐकत होत्या आणि त्यांना घाम फुटला होता.

शेवटी शेवटी त्यांना एकाच गोष्टीची धास्ती होती. माणूस गेलं की गल्लीतल्या बायका अंगणात जमतात, आडोसा धरतात आणि आंघोळ घालतात. तेव्हा सगळं उघडं पडणार. त्यांनी पुनमला जवळ बोलावलं.

"मी गयी का मंग आंघोळ तूच घालजो. दुसऱ्या बाया नको."

"बरं, अक्का."

"त्या म्हनतीन, आसं काब्र? सून मोठेपणा करस, म्हनतीन."

"म्हणू दे," पुनम म्हणाली. तिनं सासूच्या छातीवरची चादर सारखी केली. "आपण दोघीच."

आखाजीच्या आधी, एका सकाळी, प्रमिलाबाई गेल्या. दुखत नव्हतं. बायका जमल्या, आडोसा धरायला कुणी चादर आणली, बेबाबाईनं पाणी तापवून आणलं. पुनमनं दारातूनच बादली घेतली, सगळ्यांना हात जोडले आणि मागच्या खोलीची कडी आतून लावून घेतली. बाहेर कुजबुज झाली, व्हायचीच होती. दिपमाला सिस्टर जिना चढून आली, तिनं चपला काढल्या आणि दाराला पाठ लावून उभी राहिली. कुणी आत जायला आलं की ती नुसती मान हलवून नाही म्हणायची.

पलीकडच्या खोलीत नानांनी अभिमनभाऊंना आपल्याला उठवून बसवायला सांगितलं. उशा लावून बसवलं, तेव्हा ते दाराकडे तोंड करून वाट बघत राहिले.